गावच्या हौशी नाटकांचा इतिहास लोकांसमोर कसा मांडावा : सीमाभागातील नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी गावांत यात्रेच्या किंवा गणेशोत्सवाच्या निमित्ताने नाटक बसवण्याची रीत अनेक पिढ्यांची आहे. दिवसभर शेतात, मागावर किंवा शाळेत राबणारी माणसे रात्री तालमीला बसत आणि वर्षातून एक-दोन प्रयोगांसाठी महिनाभर झिजत. या माणसांची नावे मराठी रंगभूमीच्या छापील इतिहासात फारशी सापडत नाहीत. तो इतिहास १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत केलेल्या प्रयोगापासून सुरू होतो आणि पुढे बहुतांशी व्यावसायिक नाटक मंडळ्यांच्या मागे जातो. वास्तविक संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. पुण्यात १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर येण्याच्या कितीतरी आधी, बेळगावात शिक्षक असताना त्यांनी भरतशास्त्रोत्तेजक मंडळी उभारली होती. म्हणजे या भागात हौसेने केलेले नाटक व्यावसायिक संगीत नाटकाच्या आधीपासून आहे, आणि त्याचा पुरावा आजही घराघरांतल्या ट्रंकांत, माळ्यावर आणि वृद्धांच्या आठवणीत विखुरलेला आहे.

हा पुरावा गोळा करून लोकांसमोर मांडण्याचे काम मी माझ्या गावात केले आहे. हे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्या मंडळांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना सुरुवातीचा गोंधळ टाळता यावा, यासाठी कामाचा क्रम पुढे दिला आहे. या सर्व पायऱ्यांमागे माझी एक धारणा आहे. हा इतिहास ज्या गावाचा आहे त्या गावाला तो सर्वांत आधी दाखवावा, त्यांच्याकडून तपासून घ्यावा, आणि मगच बाहेर न्यावा.

१. कामाची हद्द आधी ठरवा

‘सीमाभागातील रंगभूमीचा इतिहास’ असा विषय घेऊन काम सुरू करू नका. तो पुरा होत नाही. एक गाव, एक गल्ली किंवा एक नाट्यमंडळ आणि साधारण तीस वर्षांचा काळ एवढीच हद्द घ्या. उदाहरणार्थ, ‘आमच्या गावातील यात्रेची नाटके, १९५० ते १९८०’. या काळातील माणसे अजून बोलू शकतात आणि कागदही काही प्रमाणात टिकलेले असतात.

हद्दीत काय येते याचाही निर्णय आधीच घ्यावा. ज्यांनी नाटकावर पोट भरले नाही त्यांचे नाटक हौशी, ही व्याख्या पुरेशी आहे. परंतु आपल्याकडे सोंगी भजन आहे, बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीतील चित्ररथांवरचे सजीव देखावे आहेत आणि त्यांत काम करणारी माणसे बहुधा नाटकातलीच असतात. त्यांना वगळू नये, मात्र त्यांची नोंद स्वतंत्र विभागात करावी.

कन्नड नाटकाचेही तसेच. गोकाक भागातील कुलगोड तम्मण्णांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते ते श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य आपल्या शेजारचेच. भाव्यांना प्रेरणा मिळाली तीही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. अनेक गावांत एकाच मांडवात एका रात्री मराठी आणि दुसऱ्या रात्री कन्नड नाटक झालेले आहे, दोन्हींतला पेटीमास्तर एकच असल्याचेही ऐकायला मिळते. भाषेच्या प्रश्नावर तुमचे मत काहीही असो, घडलेली गोष्ट नोंदीतून गाळू नका.

२. साधने आणि कागदपत्रे जमवा

बाहेर पडण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असू द्याव्यात.

- पक्क्या बांधणीची नोंदवही. सुटे कागद हरवतात.
- चांगला कॅमेरा असलेला मोबाइल, त्यासाठी लहान ट्रायपॉड आणि जादा बॅटरी.
- शक्य असल्यास फ्लॅटबेड स्कॅनर. तो विकत घेण्याची गरज नाही, शाळेत किंवा पतसंस्थेत विचारावे.
- दोन हार्ड डिस्क, आणि त्या दोन वेगवेगळ्या घरांत ठेवण्याची व्यवस्था.
- मऊ शिसपेन्सिल, मऊ ब्रश, सुती कापड आणि जाड कागदाची पाकिटे.
- संमतीपत्राचा नमुना, मराठीत आणि कन्नडमध्ये.
- वस्तू तात्पुरती नेल्याची पोच देण्यासाठी दुहेरी प्रतींचे पावतीपुस्तक.
- मंडळाचे, शाळेचे किंवा वाचनालयाचे एक पानी पत्र, ज्यात कामाचा हेतू आणि जबाबदार व्यक्तीचे नाव असेल.

संमतीपत्र एका पानापेक्षा मोठे असू नये. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्यास, तिचे लेखन करण्यास, ती प्रदर्शनात वापरण्यास आणि ती इंटरनेटवर ठेवण्यास अशा चार परवानग्यांसाठी चार स्वतंत्र चौकटी ठेवाव्यात, कारण पहिल्या तीन गोष्टींना आनंदाने होकार देणारी व्यक्ती चौथीला नकार देऊ शकते. तो तिचा हक्क आहे.

३. प्रथम माणसांकडे जा

कागद आणखी काही वर्षे थांबू शकतो, ऐंशी-नव्वदीच्या माणसाला ती सवड नाही. म्हणून ग्रंथालयात बसण्याआधी मुलाखती घ्याव्यात.

गावात चौकशी केली की लोक तुम्हाला नायकाचे काम करणाऱ्याकडे पाठवतात. त्यांच्याकडे अवश्य जावे, पण तेवढ्यावर थांबू नये. नाटकाची सर्वांत अचूक माहिती आडून वाक्ये पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरकडे असते, कारण संपूर्ण वही त्याच्या हातात असे आणि कोण कुठे अडखळला हे त्यालाच ठाऊक असे. त्यानंतर तालीम मास्तर, पेटीमास्तर, तबलजी, पडदा ओढणारा, गॅसबत्त्या सांभाळणारा, रंगभूषा करणारा आणि वर्गणीचा हिशेब ठेवणारा, अशी यादी करावी. ज्या पुरुषांनी स्त्रीपार्ट केले त्यांच्याशी वेगळे आणि निवांत बोलावे. गावाने केलेले कौतुक आणि गावाने केलेली थट्टा हे दोन्ही त्यांनी एकाच वेळी अनुभवलेले असते आणि ते चारचौघांत सांगवत नाही.

स्त्रियांच्या मुलाखती हमखास राहून जातात. नाटकात त्या नव्हत्या असे घरातले पुरुष सांगतात, पण शालू आणि दागिने कोणाच्या पेटीतून गेले, तालमीच्या मंडळींचा चहा आणि रात्रीचे जेवण कोणी केले, मुलींना नाटकाला बसायला जागा कुठे होती, याची उत्तरे आज्जींकडेच मिळतात. पुढील काळात स्त्री भूमिकांसाठी बाहेरगावाहून कलावंत स्त्रियांना बोलावण्याची पद्धत अनेक गावांत रूढ झाली. गावाच्या आठवणीत त्यांचा उल्लेख पुष्कळदा नुसता ‘बेळगावची बाई’ किंवा ‘मिरजेची बाई’ एवढाच उरतो. त्यांचे नाव शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. नाव मिळाल्यावर मात्र ते जाहीर करण्यापूर्वी त्या व्यक्तीची किंवा तिच्या घरच्यांची परवानगी घ्यावी, कारण त्या काळी या कामाकडे समाज कसा पाहत होता याचे ओझे काही कुटुंबे अजून बाळगून आहेत.

मुलाखत घेताना प्रश्न वस्तूंवरून आणि कृतींवरून विचारावेत. ‘त्या काळची रंगभूमी कशी होती?’ या प्रश्नाला भाषण मिळते. ‘काका, तालीम कुठे बसायची?’, ‘नारळ कोणत्या दिवशी फोडायचा?’, ‘पडदे कुठून आणायचे, त्यांचे भाडे कोण द्यायचे?’, ‘टोप डोक्यावर बसायचा का?’, ‘तुमच्या वाक्यांची नक्कल कोण लिहून द्यायचे?’ असे विचारले की माणूस त्या रात्रीत परत जातो. एखादा जुना फोटो किंवा हँडबिल सोबत न्यावे आणि ते त्यांच्या हातात द्यावे. नांदी किंवा एखादे पद आठवत असेल तर म्हणायला सांगावे. आवाज थकलेला असला तरी चाल कळते, आणि गावातल्या पेटीमास्तराने बदलून घेतलेली चाल कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी तारीख, गाव, बोलणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव मोठ्याने उच्चारावे. पंखा आणि दूरदर्शन संच बंद करायला विनंती करावी. तासाभरात माणूस थकतो. उरलेले दुसऱ्या बैठकीत घ्यावे. दुसरी बैठक शक्य असेल तर ती चुकवूच नये, कारण पहिल्या बैठकीनंतर रात्रभर आठवणी जाग्या होत राहतात आणि दुसऱ्या वेळी माणूस स्वतःहून दुरुस्त्या सांगतो.

येथे दोन सापळे आहेत. पहिला ‘पहिलेपणा’चा. गावातले पहिले नाटक आमच्या गल्लीने केले, असे वरची गल्लीही सांगते आणि खालचीही. तुम्ही निवाडा करू नका. दोन्ही दावे, सांगणाऱ्याच्या नावासह, नोंदवून ठेवा. कागद सापडला तर तो बोलेल. दुसरा सापळा गोड आठवणींचा. ‘सगळे गाव एकदिलाने नाटक करायचे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक मुलाखतीत येते. त्यानंतर शांतपणे विचारावे की भूमिका कोणाला मिळत नसत, कोणत्या वस्तीतल्या लोकांना पुढे बसता येत नसे, वाजंत्री कोण होते आणि त्यांचे नाव हँडबिलावर होते का. हे प्रश्न विचारायला जड जातात, परंतु ते टाळले तर आपण निम्म्या गावाचाच इतिहास लिहितो.

४. घरातला कागद शोधा आणि त्याला सांभाळा

काय शोधायचे हे घरच्यांना नेमके सांगावे लागते. ‘नाटकाचे काही जुने आहे का?’ असे विचारल्यास ‘काही नाही’ हेच उत्तर येते. प्रॉम्प्टिंगची वही, प्रत्येक नटासाठी त्याची वाक्ये उतरवून दिलेल्या नकला, हँडबिले, तिकिटांची अर्धुके, वर्गणीची पावतीपुस्तके, जमाखर्चाची वही, प्रयोगानंतरचा समूहफोटो, बक्षिसाचे कप, कॅसेट, टोप, लाकडी तलवारी, रंगवलेले पडदे, अशी नावे घेऊन विचारावे.

जमाखर्चाच्या वहीला लोक रद्दी समजतात. माझ्या मते ती सर्वांत मोलाची. पडद्याचे भाडे, गॅसबत्तीचे रॉकेल, रंगाचा सफेदा, पेटीमास्तराची बिदागी, पाहुण्या कलाकाराचे बसभाडे, प्रयोगानंतर उरलेल्या पैशांतून देवळाला दिलेली घंटा, हे सारे तिथे तारीखवार लिहिलेले असते. आठवण चुकते तिथे ही वही दुरुस्ती करते. जुनी नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणारा जाणकार शोधावा. अंदाजाने अर्थ लावू नये.

शक्यतो वस्तू घराबाहेर नेऊ नये. ओसरीवरच, उजेडात, प्रत काढून घ्यावी. न्यावीच लागली तर पोच द्यावी, परतीची तारीख लिहावी आणि ती पाळावी. एका घराची वस्तू वेळेवर परत गेली नाही तर पुढची दहा दारे बंद होतात.

जपणुकीच्या बाबतीत काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. जुना फोटो किंवा हँडबिल लॅमिनेट करू नये. उष्णतेने आणि चिकट थराने कागद कायमचा अडकतो आणि ते परत काढता येत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, त्यांच्या जागी दोरा वापरावा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिलीने कडेला क्रमांक घालावा. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता जून ते सप्टेंबर या काळात बंद ट्रंका उघडून ओलसर हवेत कागद पसरू नयेत. हे काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करावे.

५. वर्ष ठरवा, आणि ते कसे ठरवले हे लिहून ठेवा

हा टप्पा नवख्यांना सर्वांत अवघड जातो. हँडबिलावर वार, तिथी आणि वेळ ठळक छापलेली असते, वर्ष मात्र नसते, कारण वाचणाऱ्याला ते माहीत होते. अशा वेळी कागदावरच्या लहानसहान खुणांची मदत घ्यावी लागते.

पहिली खूण राज्याच्या नावाची. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला, आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूरचे नाव कर्नाटक झाले. ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे. चंदगड तालुका १९५६ पूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता आणि त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यात गेला, म्हणून ‘चंदगड, जि. बेळगाव’ असा पत्ता असलेला कागद बहुधा त्याआधीचा. तथापि राज्याचे नाव छापलेलेच नसेल तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. आपल्या भागात ते नाव न छापण्यामागेही कारणे असू शकतात.

दुसरी खूण तिकिटाच्या दराची. दर आण्यांत असेल तर कागद साधारणपणे १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असे छापलेले असेल तर तो १९५७ ते १९६४ या काळातला समजावा. १ जून १९६४ पासून ‘नये’ हा शब्द अधिकृतरीत्या गळाला. बोलण्यात मात्र ‘चार आणे’, ‘आठ आणे’ पुढे कितीतरी वर्षे चालले, त्यामुळे मुलाखतीतील आण्यांवरून काळ ठरवू नये. पत्त्यात सहा अंकी पिन कोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

तिसरी खूण शकाची. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो एवढेच अनेकांना ठाऊक असते. पण चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंतच ७८ मिळवायचे; जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८६९ च्या माघातील प्रयोग हा १९४८ सालचा, १९४७ चा नव्हे. पुष्कळ गावांच्या यात्रा नेमक्या माघ-फाल्गुनात येतात, म्हणून ही चूक वारंवार होते.

चौथी खूण नाटकाची स्वतःची. ‘संगीत शारदा’ १८९९ साली, ‘एकच प्याला’ १९१९ साली, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली आणि ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. गावातला प्रयोग त्याच्या आधीचा असू शकत नाही. कोणी ‘रायगड आम्ही पन्नास साली केले’ असे सांगितले तर त्यांना तोंडावर खोडून काढू नये. बहुधा दोन नाटकांची आठवण एकमेकांत मिसळलेली असते आणि दुसऱ्या बैठकीत ती वेगळी होते.

‘कां’, ‘नाहीं’, ‘नाटकांत’ अशी अनुस्वारांची जुनी पद्धत दिसली तर कागद १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचा असण्याची शक्यता वाढते. छापखाने जुन्याच वळणाने पुढेही जुळणी करत राहिले, त्यामुळे हा पुरावा दुय्यम मानावा. छापखान्याचे नाव तळाशी बारीक अक्षरात असते, ते न चुकता उतरवून घ्यावे. त्याच छापखान्याचा तारीख असलेला दुसरा कागद सापडल्यास तुलना करता येते.

किमान दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय वर्ष निश्चित म्हणून लिहू नये. एकच खूण असेल तर ‘अंदाजे १९५७ ते १९६४, दर नये पैशांत असल्यामुळे’ असे कारणासह लिहावे. उद्या कोणी अधिक पुरावा आणला तर त्याला आपला तर्क तपासता आला पाहिजे.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. तिथे आणि अशा अन्य जुन्या वाचनालयांत वृत्तपत्रांच्या फायली, संस्थांचे अहवाल आणि स्मरणिका विचाराव्यात. हे वाचन या टप्प्यावर फळते, कारण आता कोणत्या महिन्याची पाने उलटायची हे तुम्हाला ठाऊक असते.

६. प्रती काढा आणि त्यांना नावे द्या

कागदपत्रे ३०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅनची सूक्ष्मता) आणि फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावेत. मूळ फाइल टिफ स्वरूपात जपावी, वापरासाठी जेपीजी प्रत काढावी. मोबाइलने काढायचे असल्यास फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात, वरून सरळ काढावे. फोटोची मागची बाजूही घ्यावी, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. कॅसेटचे डब्ल्यूएव्ही स्वरूपात रूपांतर करून घ्यावे आणि जुनी फीत परत परत वाजवून झिजवू नये.

फाइलला गाव, वर्ष, प्रकार आणि क्रमांक असे नाव द्यावे. त्याच क्रमांकाखाली नोंदवहीत वस्तू कोणाची, कोणी दिली, कधी पाहिली, परवानगी कोणती, हे लिहावे. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत मूळ प्रत म्हणून जपू नये. ती पाठवताना आकुंचित झालेली असते.

७. हक्कांचा विचार आधी करा

भारतीय कायद्याप्रमाणे नाट्यलेखनाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. ही मुदत मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजतात. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटके आता मुक्त आहेत. मामा वरेरकरांचे निधन १९६४ साली झाले, म्हणून त्यांची नाटके २०२४ च्या अखेरीस मुक्त झाली. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या नाटकांचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. कुसुमाग्रजांचा तर २०५९ पर्यंत.

हौशी संस्थेने विनाशुल्क प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. मात्र ती प्रयोगापुरती आहे. त्या प्रयोगाचे चित्रण यूट्यूबवर टाकणे किंवा प्रॉम्प्टिंगच्या वहीतील संपूर्ण संहिता इंटरनेटवर ठेवणे या सवलतीत बसत नाही. हक्क असलेल्या नाटकाच्या वहीचे एखादे पान, त्यावरच्या काटछाटीसह, प्रदर्शनात नमुना म्हणून दाखवावे आणि बाकीची वही जपून ठेवावी. फोटोंसाठी छायाचित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा शोध घ्यावा, आणि नाव कळल्यास ते फोटोखाली लिहावेच. गावातल्या एखाद्या शिक्षकाने स्वतः लिहिलेले नाटक सापडले, तर त्याचा हक्क त्याचा किंवा त्याच्या वारसांचा आहे; ‘गावाचे नाटक’ म्हणून ते परस्पर छापू नये.

८. गावातच पहिले प्रदर्शन भरवा

जागा निवडताना शहरातल्या सभागृहाचा मोह होतो. बेळगावात नंतर जावे. पहिले प्रदर्शन जिथे नाटक व्हायचे त्याच देवळासमोर, शाळेत किंवा समाजमंदिरात भरवावे आणि यात्रेचा दुसरा किंवा तिसरा दिवस निवडावा, कारण त्या दिवशी माहेरवाशिणी आणि पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी गावात असतात. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्यावी. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो वाजवता येत नाही. स्वागतफलक आणि वस्तूंखालच्या चिठ्ठ्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत कराव्यात. गावातली शाळकरी मुले कोणत्याही माध्यमाची असली तरी त्यांना वाचता आले पाहिजे.

चिठ्ठीवर पुढील गोष्टी असाव्यात: वस्तू काय, कोणत्या प्रयोगातील, साल (नक्की की अंदाजे), आणि ‘सौजन्य’ म्हणून घराचे नाव. विशेषणे टाळावीत. ‘सुवर्णकाळातील अजरामर ठेवा’ यापेक्षा ‘अमुक यांच्या आईचा शालू, शकुंतलेच्या भूमिकेसाठी वापरलेला’ हे वाक्य लोक थांबून वाचतात.

समूहफोटो मोठे छापून घ्यावेत, शेजारी त्याच फोटोची रेषाकृती लावावी आणि प्रत्येक आकृतीला क्रमांक द्यावा. खाली रिकामी यादी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवावी. येणारी माणसे स्वतःहून नावे भरतात, एकमेकांची दुरुस्ती करतात, आणि मुलाखतींत न मिळालेली नावे इथे मिळतात. या यादीजवळ तुमच्यापैकी एकाने सतत बसून राहावे आणि कोण काय म्हणाले ते लिहून घ्यावे. एका कोपऱ्यात मुलाखतींतले निवडक तुकडे ऐकण्यासाठी हेडफोन ठेवावेत. एकेक तुकडा दोन-तीन मिनिटांचा असावा.

संध्याकाळी जुन्या नाटकातील एखादा प्रवेश नव्या मुलांनी आणि जुन्या नटांनी मिळून वाचावा. संपूर्ण प्रयोग बसवण्याच्या नादी लागू नये, त्यात प्रदर्शन मागे पडते. ज्येष्ठांना मानाने बोलवावे, न्यायला-आणायला गाडी ठेवावी, पण सत्काराचा कार्यक्रम लांबवू नये. हार-श्रीफळ आणि भाषणे यांतच वेळ गेला तर त्यांना बोलायला उरत नाही, आणि लोक त्यांनाच ऐकायला आलेले असतात.

गावातील प्रदर्शनात आलेल्या दुरुस्त्या नोंदींत उतरवल्यावरच ते बाहेर न्यावे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा यांसारख्या गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. त्यांच्या संयोजकांना भेटून एका दालनाची मागणी करावी. त्यानंतर शहरातील वाचनालये आणि नाट्यसंस्था यांच्याकडे जावे.

९. इंटरनेटवर ठेवा

हक्कमुक्त हँडबिले, फोटो आणि संमती असलेले ध्वनिमुद्रण इंटरनेट आर्काइव्हवर किंवा विकिमीडिया कॉमन्सवर विनामूल्य ठेवता येते. शीर्षक आणि वर्णन देवनागरीत लिहावे, गावाचे नाव मराठी आणि कन्नड अशा दोन्ही रूपांत द्यावे. मराठी विकिपीडियावर लेख लिहायचा असल्यास प्रसिद्ध झालेला आणि तपासता येईल असा संदर्भ लागतो. केवळ मुलाखतीच्या आधारे लिहिलेला मजकूर काढला जातो. म्हणून आधी छोटी स्मरणिका छापावी, तिच्या प्रती वाचनालयांना द्याव्यात. फेसबुकवर टाकून काम संपले असे समजू नये, सहा महिन्यांनी तिथली गोष्ट शोधूनही सापडत नाही.

१०. मूळ वस्तूंची सोय लावा

प्रदर्शनानंतर प्रत्येक वस्तू पोचपावती पाहून घरी परत करावी आणि मालकाची सही घ्यावी. सोबत त्या वस्तूची छापील प्रत आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर द्यावे. जी घरे वस्तू कायमची द्यायला तयार असतील त्यांच्याकडून दानपत्र लिहून घ्यावे. मंडळाच्या कार्यकर्त्याच्या घरी ती ठेवू नये, कारण कार्यकर्ते बदलतात आणि मग वस्तू कोणाची यावरून वाद होतो. वाचनालय किंवा शाळा स्वीकारायला तयार असेल तर कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, वस्तू पाहायला कोणत्या दिवशी मिळतील आणि संस्था बंद पडल्यास वस्तू कोणाकडे जातील, हे तीन मुद्दे दानपत्रातच लिहावेत. रंगवलेले पडदे घडी घालून देऊ नयेत. रंग घडीवर तुटतो. ते जाड नळीवर, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून, सुती कापडात गुंडाळावेत आणि नळीच्या टोकाला नोंदवहीतला क्रमांक बांधावा.